घाईची संध्याकाळ आणि पाकातली मासळी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



‘वर्धापनदिनी पाककलेवर दोन शब्द बोला,’ असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी म्हटले, बोलण्यापेक्षा करूनच दाखवते. पण या सभागृहात शेगडी पेटवायला परवानगी नाही. म्हणून आज नुसत्या शब्दांवर भागवायचे आहे. भाषणाची मला सवय नाही. शेजारीण दारात उभी राहून विचारते आणि आपण हातातले काम न सोडता सांगतो, तसेच मी सांगणार आहे.

विषय आहे, आठवड्यातल्या मधल्या वारी, संध्याकाळच्या घाईत, अर्ध्या तासात होणारी मासळी. त्यातही एक परदेशी प्रकार, पाकातला सॅमन. नाव ऐकून कुणी हसू नये. गेल्या वर्षी माझी धाकटी नणंद लंडनहून आली होती. तिने तो आमच्या स्वयंपाकघरात करून दाखवला. तेव्हापासून आमच्याकडे तो कधी सॅमनचा, पण बहुतेक वेळा आपल्याच रावसाचा किंवा बांगड्याचा होतो. आपल्यापैकी ज्यांच्या मुली-सुना परदेशी आहेत त्यांच्या कानावर हा पदार्थ गेलाच असेल.

आधी आपल्या नेहमीच्या मासळीच्या वाराबद्दल बोलू. बुधवार किंवा शुक्रवार. नारळ खवायचा, वाटप वाटायचे, कालवण करायचे, भात, भाकरी, सोलकढी, आणि वर तळलेली तुकडी. तव्यावर एका वेळी चार तुकड्या मावतात आणि पानावर माणसे असतात सहा. पहिला घाणा मुलांना, दुसरा थोरांना. तळलेली तुकडी कुरकुरीत असते तोवरच तिची मजा, म्हणून ती तव्यावरून थेट पानातच गेली पाहिजे. मग करणारी बाई तव्यापाशीच उभी. तिचे पान मांडले जाते तेव्हा भात गार झालेला असतो आणि ताटलीत उरलेली असते शेपटीकडची तुकडी. कुणी विचारलेच तर आपण म्हणतो, ‘मला शेपटीच आवडते.’ भगिनींनो, आपल्यापैकी कितीजणींना शेपटी खरोखरच आवडते, ते ज्याचे त्याने मनाशी म्हणावे.

सरकारने २०१९ साली साऱ्या देशात वेळेची पाहणी केली. माणसांचा दिवस कोणत्या कामात जातो, याची ती मोजदाद होती. घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्या कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो, आणि घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे, असे तीत निघाले. २०२४ साली पुन्हा मोजले तेव्हा स्त्रियांचा आकडा २८९ झाला होता. पाच वर्षांत दहा मिनिटे सुटली! आता गॅस आहे, कुकर आहे, मिक्सर आहे. तरीही घरकामात दिवसाचे पावणेपाच तास जातातच. म्हणून मला वाटते की नव्या यंत्राबरोबर थोडा बेतही बदलून पाहावा.

बेत बदलायला मासळीसारखा जिन्नस नाही. मटण शिजायला वेळ लागतो, कारण त्याचे धागे लांब आणि त्यांना बांधणारा चिवट भाग पुष्कळ. माशाचे धागे आखूड असतात, त्यांना बांधणारा भाग थोडा असतो आणि तो कमी उष्णतेत विरघळतो. म्हणूनच शिजलेला मासा बोटाने पदर-पदर सुटतो. एक इंच जाडीच्या तुकडीला साधारण दहा मिनिटे, असा एक हिशेब कॅनडातला म्हणून सांगितला जातो. तो लक्षात ठेवण्यासारखा आहे. म्हणजे मासळीच्या दिवशी वेळ खरा कशात जातो? वाटपात, निरनिराळ्या पदार्थांत आणि घाण्यामागून घाणा काढण्यात. मासा बिचारा कधीच शिजलेला असतो.

आता सॅमनची थोडी ओळख करून देते. हा थंड पाण्यातला मासा. उत्तर अटलांटिक आणि उत्तर पॅसिफिक महासागरांत तो राहतो. गोड्या पाण्याच्या नदीत जन्मतो, समुद्रात जाऊन वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा नदीकडे येतो. लेक बाळंतपणाला माहेरी येते तसेच म्हणा ना! त्याचे मांस केशरी-गुलाबी असते. कोलंबीच्या जातीचे बारीक जीव तो खातो, त्यांच्यातल्या रंगद्रव्याने हा रंग येतो. आज बाजारात येणारा पुष्कळसा सॅमन समुद्रात जाळ्यांचे पिंजरे करून पाळलेला असतो. नॉर्वे देश त्या धंद्यात सर्वांत पुढे आहे. पाळलेल्या माशाला ते रंगद्रव्य खाद्यातून देतात.

आपल्या समुद्रात सॅमन मिळत नाही. मुंबईच्या मोठ्या दुकानांत तो बर्फातून येतो आणि महाग पडतो. आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्या. हॉटेलांतून ‘इंडियन सॅमन’ म्हणून जो मिळतो तो आपला रावस. रावस मासा उत्तमच, पण त्याचे कूळ वेगळे. कोळणीकडे अख्खा रावस पाहिलात तर त्याच्या गळ्याखाली, पुढच्या पराजवळ, मिशांसारखे लांब तंतू दिसतील. सॅमनला ते नसतात. रावसाचे मांसही पांढरट. तेव्हा नाव वाचून सॅमनचे दाम कुणी रावसाला मोजू नयेत.

आता पाकाकडे वळते. ‘माशाला गोड पाक?’ असे म्हणून आमच्या सासूबाईंनी पहिल्यांदा नाक मुरडले होते. पण माशाला गोडाची जोड ही काही नवलाची गोष्ट नाही. मुंबईच्या पारशी घरांत पात्रानी मच्छीच्या हिरव्या चटणीत साखर घालतात, आणि सास नी मच्छी तर आंबटगोडच असते. जपानात माशाला गोड-खारट रस लावून तो विस्तवावर चकाकेपर्यंत भाजतात. त्याला तेरियाकी म्हणतात. ‘तेरी’ म्हणजे चकाकी आणि ‘याकी’ म्हणजे भाजलेले. आपण चिरोटे पाकवतो तेव्हा त्यांच्यावर जसा झळझळीत पदर येतो, तसाच तो माशावर आणायचा. मात्र नुसत्या गोडावर भागत नाही. गोड, खारट आणि आंबट या तिघांचा मेळ बसला पाहिजे. आंबट कमी पडले की तो मासा शिऱ्याचा भाऊ होतो.

चार माणसांसाठी साहित्य असे : सॅमनच्या एक इंच जाडीच्या चार तुकड्या, प्रत्येकी अदमासे १५० ग्रॅम. दोन मोठे चमचे मध, दोन मोठे चमचे सोया सॉस, एक मोठा चमचा लिंबाचा रस, चार पाकळ्या लसूण आणि बोटाच्या पेराएवढे आले किसून, अर्धा लहान चमचा मिरपूड आणि एक लहान चमचा तेल. मीठ वेगळे घालायचे नाही, कारण सोया सॉसमध्ये ते भरपूर असते. घरात कुणाला रक्तदाब असेल तर सॉस निम्मा घ्यावा आणि बाकीचे पाणी घालावे. सॅमन स्वतःच तेलकट, म्हणून तेल इतके थोडे पुरते.

आता कृती. संध्याकाळी सातला घरात पाऊल टाकले असे धरू.

सात वाजता तांदूळ धुऊन कुकर चढवा. मासा फ्रीजमधून काढा आणि तुकड्यांवरून बोट फिरवून पाहा. मधल्या रेषेत बारीक काटे लागतात, ते चिमट्याने ओढून काढा. मग स्वच्छ कपड्याने तुकड्या टिपून अगदी कोरड्या करा. ही गोष्ट टाळू नये. ओली तुकडी तव्यावर आधी वाफवते, तिला रंग येत नाही.

सात वाजून पाच मिनिटांनी एका वाटीत पाकाचे सारे जिन्नस ढवळून ठेवा. मासा त्यात मुरवत ठेवायचा नाही. वेळ वाचतो तो इथेच.

सात-दहाला काकडीची कोशिंबीर करा आणि फरसबी किंवा गाजर वाफेला लावा.

सव्वासातला पसरट तवा तापवून तेल फिरवा आणि तुकड्या कातडीची बाजू खाली करून ठेवा. आच मध्यम. पाच-सहा मिनिटे त्यांना हलवू नका. बाजूने पाहत राहा. खालून वर रंग फिका होत चढतो. तो दोन तृतीयांश उंचीवर आला की तुकडी उलटायची आणि आणखी दोन मिनिटे ठेवायची. मग तुकड्या तव्याच्या कडेला सारून मध्ये तो पाक ओता. एक-दोन मिनिटांत तो खळखळून उकळेल, मग बुडबुडे मोठे आणि संथ होतील. कालथ्याच्या पाठीला पाक धरू लागला की गॅस बंद. निवताना तो आणखी दाटतो, म्हणून किंचित पातळ असतानाच थांबावे. चमच्याने तुकड्यांवर पाक घाला. लाखेसारखी चकाकी येते.

पाक शेवटी घालायचा, त्याला कारण आहे. साखर, मध, गूळ हे लवकर करपतात. पहिल्यापासून तव्यावर ओतले तर मासा शिजेपर्यंत पाक काळा आणि कडू होतो.

मासा झाला हे कसे ओळखावे? कच्चा मासा काचेसारखा आरपार दिसतो, शिजला की दुधी होतो. सुरीच्या टोकाने जाड भागात जरा दाबून पाहा. पदर सुटू लागले की झाला. उष्णतामापक असेल तर मध्यभागी ६३ अंश सेल्सिअस पुरे. सॅमनच्या अंगातून पांढरा साका पुष्कळ बाहेर येऊ लागला तर समजावे की आच फार झाली. ते माशातलेच प्रथिन असते, खायला काही अपाय नाही. पण मासा कोरडा होऊ लागल्याची ती खूण आहे.

घरात भट्टी, म्हणजे ओव्हन असेल तर ती २०० अंशांवर तापवून तुकड्या १२ ते १५ मिनिटे ठेवाव्यात. पाक वेगळा आटवून शेवटच्या तीन-चार मिनिटांत वर लावावा. सहा-आठ माणसे असतील तेव्हा ही रीत बरी, कारण साऱ्या तुकड्या एकाच ताटात मावतात.

सॅमन रोज कुणाला परवडणार? त्या एका तुकडीच्या दामात घरभर पुरतील एवढे बांगडे येतात. अंगाला हितकारक म्हणून सॅमनच्या ज्या तेलाची, ओमेगा-३ ची, एवढी वाखाणणी होते, ते आपल्या बांगड्यात आणि तारलीतही चांगले असते. तेव्हा रीत परदेशाची आणि मासा आपल्या बाजारचा, असे केले की झाले.

आपल्या रीतीचा पाक असा : दोन मोठे चमचे चिरलेला गूळ, दोन मोठे चमचे कोकमाचे आगळ, एक लहान चमचा लाल तिखट, सहा पाकळ्या ठेचलेला लसूण, चिमूटभर हळद आणि दोन चमचे पाणी. आगळात मीठ असतेच, म्हणून चाखून मगच मीठ घाला. आगळ नसेल तर चिंचेचा दाट कोळ चालेल. रावसाच्या किंवा सुरमईच्या अर्धा इंच जाडीच्या तुकड्यांना एका बाजूला तीन मिनिटे पुरतात. बांगडे असतील तर साफ करून, चिरा देऊन, दोन-दोन तुकडे करावेत आणि प्रत्येक बाजूला चार मिनिटे ठेवावेत. मग वरचाच प्रकार, पाक शेवटी. गूळ, आगळ आणि लसूण एकत्र उकळले की असा घमघमाट सुटतो की कुणाला जेवायला हाक मारावी लागत नाही. आमच्या सासूबाईंचे मुरडलेले नाक इथेच सरळ झाले.

शाकाहारी भगिनींनी उठून जाऊ नये! सुरणाच्या जाड फोडी चिंच घालून उकडून घ्याव्यात, तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजाव्यात आणि वर हाच गुळाचा पाक घालावा.

खरेदीविषयी दोन शब्द सांगते. ताज्या माशाचे डोळे फुगीर आणि स्वच्छ असतात, कल्ले लाल असतात, दाबलेले बोट उमटून राहत नाही. हे आपल्याला आईपासून माहीत आहे. पण एक गोष्ट पुष्कळजणींना ठाऊक नसते. बांगडा, सुरमई, कुपा, तारली हे मासे बर्फाविना गरमीत राहिले तर त्यांत हिस्टामीन नावाचे द्रव्य तयार होते. ते शिजवून किंवा तळून जात नाही. असा मासा खाल्ला की तोंड-मान लाल होते, खाज सुटते, डोके दुखते. आपण म्हणतो, ‘मासा बाधला.’ म्हणून मासळी बाजाराच्या फेरीत शेवटी घ्यावी, बर्फ मागून घ्यावा आणि घरी आल्याबरोबर साफ करून थंड जागी ठेवावी. जून-जुलैत यांत्रिक होड्यांना समुद्रात जायची बंदी असते, तेव्हा गोठवलेला मासा घ्यावा लागतो. तो ओट्यावर न ठेवता आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावा. हवा काढून बंद केलेली पिशवी असेल तर ती आधी फोडावी.

आता शेवटचे, पण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते सांगते.

या पाकातल्या मासळीचा खरा गुण चवीत आहेच, पण त्याहून तो वाढण्यात आहे. तळलेल्या तुकडीचा कुरकुरीतपणा पाच मिनिटांत जातो, म्हणून तिच्यासाठी एकीला तव्यापाशी उभे राहावे लागते. पाकातल्या तुकडीला कुरकुरीत राहायचेच नसते. ती तव्यावरच्या गरम पाकात पाच मिनिटे सुखाने थांबते. सगळ्या तुकड्या एकदम होतात, गॅस बंद होतो, आणि करणारीलाही सगळ्यांबरोबर पानावर बसता येते. भात गरम असतो, तुकडी गरम असते, आणि मुलांचे शाळेतले बोलणे भिंतीपलीकडून न ऐकता समोर बसून ऐकता येते.

दुसरे असे की यात हाताच्या अंदाजावर सोडलेले काही नाही. वाटप नाही, फोडणी नाही. चमच्याने मोजायचे आणि घड्याळ पाहायचे. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा हे करू शकतो, आणि घरधनीही करू शकतात. ‘मला जमत नाही’ म्हणायला या कृतीत जागाच ठेवलेली नाही! आमच्याकडे पाक ढवळायचे काम मुलाकडे आहे आणि तुकड्या उलटायचे त्याच्या वडिलांकडे. पहिल्या दिवशी एक तुकडी मोडली. मोडलेली तुकडीही तितकीच गोड लागली.

तळलेली मासळी सोडा, कालवण सोडा, असे मी म्हणत नाही. रविवारचा थाट रविवारी व्हावा. नारळी पौर्णिमेनंतरची पहिली मासळी रवा लावून तळलीच पाहिजे. पण मधल्या वारी, दिवसभराच्या शिणानंतर, प्रत्येक संध्याकाळ सुग्रणपणाची परीक्षा कशासाठी? आपल्या मंडळाच्या संध्याकाळच्या वर्गाची हजेरीवही एकदा उघडून पाहा. गैरहजेरीचे कारण विचारले की दहांपैकी सात जणी एकच शब्द सांगतात, ‘स्वयंपाक’. त्यातला अर्धा तास जरी परत मिळाला, तरी वर्गातली रिकामी जागा भरेल.

म्हणून माझी एकच विनंती आहे. येत्या आठवड्यात एक वार ठरवा आणि ही मासळी करून पाहा. सॅमन नको, बांगडा घ्या. सगळ्यांची पाने एकदम मांडा, आपलेही त्यांतच मांडा. आणि वाढताना एक मधली तुकडी, शेपटीची नव्हे, स्वतःच्या पानात वाढून घ्या. कुणी काही म्हणत नाही, हे मी पाहिले आहे.